सत्ताविसाव्या वर्षी पहिलं वर्ष

लेस्टरहून ताईचा फोन आला तेव्हा वाटलं, भाचीचं लग्न ठरलं. रविवारची दुपार होती आणि ताईचा आवाज जरा चढलेला. "अरे, ती नोकरी सोडतेय," ताई म्हणाली. "डॉक्टर व्हायचं म्हणते." भाची तेव्हा सव्वीस वर्षांची. जीवरसायनशास्त्राची पदवी, मग प्रयोगशाळेत पाच वर्षांची चांगली नोकरी, स्वतःची छोटी गाडी. सांगलीत ही बातमी आईला सांगितली, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने ताटातून मान वर न करता विचारलं, "म्हणजे आता पुन्हा पहिलीपासून?"

आईचा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. आपल्याकडे डॉक्टर व्हायचं ते बारावीनंतर. ती गाडी चुकली की चुकली. पण जगात अनेक ठिकाणी आधी पदवी आणि मग वैद्यकीय असाच रस्ता आहे, आणि तो काही कालपरवाचा नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचं वैद्यकीय महाविद्यालय १८९३ साली उघडलं, तेव्हा प्रवेशासाठी आधीची पदवी हवी अशी अट होती. यामागे मेरी गॅरेट नावाची एक श्रीमंत आणि खमकी बाई होती. महाविद्यालय सुरू करायला पैसे कमी पडत होते. तिने तीन लाखांहून अधिक डॉलर दिले, पण दोन अटींवर: मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा आणि प्रवेशाची पातळी उंच ठेवायची. ती पातळी पाहून तिथले प्राध्यापक विल्यम ऑस्लर आपल्या सहकाऱ्याला गमतीने म्हणाले होते की, बरं झालं आपण शिक्षक म्हणून आलो, विद्यार्थी म्हणून आपल्याला कोणी घेतलं नसतं. आपल्या आनंदीबाई जोशी त्याआधी सातच वर्षं, १८८६ साली, फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या होत्या. त्यांच्या वेळी पदवीची ही अट असती, तर कोणत्या कॉलेजची पदवी त्या घेऊन गेल्या असत्या? उंच पातळी ही चांगली गोष्ट, पण तिच्यामुळे कोण बाहेर राहतं तेही पाहावं लागतं.

१९१० मधल्या फ्लेक्सनर अहवालानंतर अमेरिकेत हीच रीत रुळत गेली. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये फ्लिंडर्स विद्यापीठाने आणि १९९७ मध्ये सिडनी व क्वीन्सलँडने पदवीधरांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये डॉक्टर कमी पडू लागले, तेव्हा २००० साली लंडनच्या सेंट जॉर्जेसने हा रस्ता धरला. वॉरिकला तर पदवीधरांशिवाय कोणाला घेतच नाहीत, आणि पदवी कोणत्याही विषयाची चालते.

चालते म्हणजे सोपं असतं असं नव्हे. काही विद्यापीठं 'गॅमसॅट' नावाची परीक्षा मागतात. तिचे तीन भाग. एकात साहित्य आणि समाजशास्त्रातले उतारे वाचून तर्क लढवायचा, दुसऱ्यात दोन निबंध, तिसऱ्यात जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकी. भाची तिसऱ्या भागाला भ्यायली नाही, पहिल्याला भ्यायली. कवितेचा उतारा देऊन कवीच्या मनात काय होतं ते विचारतात, आणि पाच वर्षं परीक्षानळ्यांशी बोललेल्या माणसाने ते ओळखायचं. इतिहास शिकलेल्या मुलांची रड अर्थात उलटी. मग मुलाखत, तीही एका टेबलापुढे बसून नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात निघालेली पद्धत आहे: एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, नवा परीक्षक, नवा प्रसंग. एका खोलीत तिला रडणाऱ्या बाईशी बोलायचं होतं. बाई नटी होती. "मामा, नटी आहे हे ठाऊक असूनही माझा घसा दाटला," असं ती नंतर म्हणाली. पहिल्या वर्षी चारही विद्यापीठांनी नाही म्हटलं. दुसऱ्या वर्षी एकाने हो म्हटलं.

पैशाचं गणित ताईने मला वहीत मांडून दाखवलं. इंग्लंडमध्ये एक पदवी घेतलेल्याने पाच वर्षांच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर फीसाठी सरकारी कर्ज मिळत नाही. चार वर्षांच्या या खास अभ्यासक्रमाला मिळतं, पण पहिल्या वर्षी फीतले पहिले ३,४६५ पौंड स्वतः भरावे लागतात. दुसऱ्या वर्षापासून फीचा काही भाग आरोग्य खातं उचलतं. गाडी विकली ती या पहिल्या वर्षापायी. भाऊजी काही बोलले नाहीत. फक्त तिची खोली रिकामी करून पाहुण्यांसाठी ठेवली होती, ती पुन्हा लावून दिली.

वर्गात तिच्या बाजूला कोण बसतं, हे ऐकण्यासारखं आहे. दहा वर्षं वॉर्डात काढलेली परिचारिका, शाळेतला गणिताचा मास्तर, वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारा एक, आणि दोन मुलांची आई. अठरा वर्षांची मुलं पाच वर्षांत जे शिकतात ते यांना चारांत. कात्री पडते ती सुरुवातीच्या पुस्तकी अभ्यासावर. शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र हे सगळं दाबून भरलेल्या बॅगेसारखं. पहिल्या वर्षाअखेर ती एका विषयात नापास झाली. जन्मात कधी नापास न झालेली मुलगी. ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा, आणि तिथेही गेली तर अभ्यासक्रमातून बाहेर. ते दोन महिने ताईच्या घरी कोणी मोठ्याने टीव्ही लावला नाही. नोकरी गेली होती, गाडी गेली होती, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी हातात काय, तर अर्धवट सुटलेला अभ्यासक्रम! वय वाढल्याने माणूस जास्त शहाणा होतो असं म्हणतात. मला वाटतं, त्याला फक्त जास्त स्पष्ट दिसतं, आणि म्हणून भीतीही जास्त वाटते. ती पास झाली, चार गुणांनी.

आपल्याकडे काय? 'नीट'साठी घातलेली पंचवीस वर्षांची वयोमर्यादा २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढून टाकली. दार उघडलं, पण आत जिना एकच. बी. एस्सी. झालेला असो की नर्सिंगची पदवी घेऊन रात्रपाळ्या केलेली बाई असो, तिने सतरा-अठरा वर्षांच्या मुलांबरोबर तीच परीक्षा द्यायची, आणि मग साडेचार वर्षं अधिक एक वर्ष आंतरवासिता. तिला आधीपासून जे येतं, त्याची एक महिन्याचीही सूट नाही. जागा थोड्या, मग त्या तरुणांनाच का देऊ नयेत, हा युक्तिवाद मला समजतो. पण ज्या बाईने हजार रुग्णांच्या नाड्या पाहिल्या, तिला नाडी कुठे लागते हे पहिल्या वर्षात पुन्हा शिकवण्यात कोणाची बचत होते, ते समजत नाही. चार वर्षांचा रस्ता निदान एखाद्या विद्यापीठात करून पाहायला काय हरकत आहे? लेस्टरच्या अनुभवावरून एवढंच सांगेन की, वर्षं कमी केली तर शिकवणाऱ्यांचं लक्ष वाढवावं लागेल. नाहीतर ऑगस्टमधल्या फेरपरीक्षेला रांग लागेल.

भाची आता तिसऱ्या वर्षाला आहे. रुग्णालयात फिरते. तिशीचा चेहरा पाहून रुग्ण तिलाच मोठी डॉक्टर समजतात आणि मागे उभ्या असलेल्या खऱ्या डॉक्टरला चहा आणायला सांगतात, असं ती हसत सांगते. पदवीनंतर दोन वर्षं पायाभूत प्रशिक्षण, आणि कुटुंबाची डॉक्टर व्हायचं ठरवलं तर आणखी तीन. हा हिशेब आईला तोंडपाठ आहे. दर रविवारी ती फोनवर विचारते, "आता किती राहिली?" भाची आकडा सांगते. फोन ठेवला की आई तो आकडा आपल्या चौऱ्याऐंशीत मिळवून पाहते, आणि मग तांदळाचं ताट पुढे ओढते.