ओळ आणि अंतर

दाणे, रोपे, घरे किंवा माणसे ओळीने मांडली, की त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप निर्माण होते. ती म्हणजे दोन ओळींमधील मोकळी जागा. ओळीकडे पाहणाऱ्याचे लक्ष सहसा या जागेकडे जात नाही. परंतु शेतात कोळपे फिरते ते याच जागेतून, वस्तीतील ये-जा चालते ती येथूनच आणि पंगतीत वाढपी फिरतो तोही येथूनच. ही जागा किती रुंद असावी, तिच्यातून कोणी जावे आणि ओळीत कोणाला स्थान मिळावे, हे ठरविणारा कोण, यावर ओळीचे गुणदोष बव्हंशी अवलंबून असतात. भारतातील शेती, घरबांधणी आणि सामाजिक व्यवहार यांत याची साक्ष विपुल मिळते.

शेतातील ओळ

राजस्थानातील कालीबंगा येथे १९६० च्या दशकात झालेल्या उत्खननात एक नांगरलेले शेत सापडले. ते हडप्पा संस्कृतीच्या पूर्वकाळातील, म्हणजे सुमारे पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. त्यात तासांच्या दोन मालिका एकमेकींना काटकोनात छेदतात. पूर्व-पश्चिम तासांमधील अंतर सुमारे ३० सेंटिमीटर, तर दक्षिणोत्तर तासांमधील अंतर सुमारे १.९० मीटर आहे. त्याच परिसरातील शेतकरी दाट ओळींत हरभरा आणि विरळ ओळींत मोहरी पेरतात, असे उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना आढळून आले. मोहरी उंच वाढते, तर हरभरा जमिनीलगत राहतो. मोहरीच्या ओळी दूरदूर ठेवल्याने हरभऱ्याला ऊन मिळते आणि एकाच शेतातून दोन पिके निघतात.

मुठीने फोकून पेरलेले बी सारखे पडत नाही. काही दाणे खोल जातात, काही वरच राहून पाखरांच्या तोंडी पडतात. कोरडवाहू मुलखात ही उधळपट्टी परवडत नाही. म्हणून दख्खनमध्ये पाभर आणि तिफण, कर्नाटकात कूरिगे, आंध्र-तेलंगणात गोर्रू अशी पेरणीची अवजारे रूढ झाली. चाड्यात मुठीने सोडलेले बी नळ्यांतून उतरून फणांमागे सारख्या अंतराने आणि ओल असलेल्या खोलीवर पडते. पीक वर आले, की ओळींमधून बैलांचे कोळपे चालते. त्याने तण निघते, जमिनीची पापडी फुटते आणि ओल टिकून राहते. कर्नाटकात नाचणीच्या काही ओळींनंतर वाल, तूर अशा पिकांची एखादी ओळ घेण्याची जुनी रीत आहे. तिला ‘अक्कडी सालु’ म्हणतात. पावसाने दगा दिला, तरी सगळीच पिके एकदम बुडत नाहीत, हा तिचा मोठा लाभ होय.

इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास पेरणीचे यंत्र तयार केले. त्याच शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कॅप्टन हॉलकॉट याला दक्षिण भारतात बहुफणी पाभरी नित्य वापरात असलेल्या दिसल्या. हे अवजार म्हणजे आधुनिक युरोपचा शोध, अशी त्याची तोवर समजूत होती. ती चुकीची असल्याचे त्याने पत्रातून कळविले.

ओळ कोणत्या दिशेने काढावी, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. उताराला आडवी काढलेली ओळ वाहते पाणी अडविते. उताराच्या दिशेने काढलेल्या ओळीचा मात्र पावसाळ्यात पाट होतो आणि वरची सुपीक माती त्यातून वाहून जाते.

भाताच्या लावणीत ओळ पुष्कळ उशिरा आली. १९५३ पासून देशात ‘जपानी पद्धती’च्या भातशेतीचा प्रसार सुरू झाला. तीत रोपे दोरीच्या आधाराने, ठराविक अंतरावर लावण्यावर भर होता. ओळी सरळ असतील, तरच त्यांमधून हाताने ढकलावयाचे तणनाशक चाक फिरू शकते. तथापि लावणी करतात त्या बहुतेक स्त्रिया. दोरी धरून लावणी करावयाची म्हणजे त्यांना अधिक वेळ ओणवे राहावे लागते. पुढे निंदणीचे श्रम वाचतात. पण मजूर स्त्रीच्या दृष्टीने निंदणी वाचणे म्हणजे निंदणीची मजुरी बुडणेही असते. शेतातील ओळ ही केवळ वनस्पतिशास्त्राची बाब नसून श्रमविभागणीचीही बाब आहे, हे येथे स्पष्ट होते.

घरांची ओळ

घरे ओळीने बांधण्याची सोय उघड आहे. दोन घरांना मिळून एकच भिंत पुरते, उन्हाला तोंड देणाऱ्या भिंती कमी होतात आणि एका रस्त्यावर अनेक दारे उघडतात. तमिळनाडू आणि केरळातील पालक्काड भागातील अग्रहारे हा या रचनेचा एक परिपूर्ण नमुना होय. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांब-अरुंद घरांच्या ओळी, प्रत्येक घरापुढे ‘तिण्णै’ नावाची ओटी, मागे परसू आणि जवळच मंदिर असे त्याचे रूप असते. मधला रस्ता म्हणजे सर्वांचे सामाईक अंगण. रथ त्यातूनच जातो आणि रांगोळ्याही तेथेच उमटतात. परंतु ही शेजारभावना एका जातीपुरती होती. दलितांची ‘चेरी’ गावाबाहेर असे आणि अग्रहाराच्या रस्त्यावरून चालण्यास त्यांना मज्जाव असे. ज्या मोकळ्या जागेने आतील लोकांना एकत्र आणले, तिनेच इतरांना दूर ठेवले.

आसामच्या चहामळ्यांत ओळीचा हेतू वेगळाच होता. चहाच्या झुडपांच्या ओळी तोडणीच्या सोयीसाठी, तशा मजुरांच्या घरांच्या ओळी देखरेखीच्या सोयीसाठी. या वस्त्यांना ‘लाइन’ हेच नाव पडले. १९५१ च्या कायद्याने मजुरांना घरे पुरविण्याची जबाबदारी मळेमालकांवर टाकली. त्यामुळे मजुरांना आधार मिळाला. मात्र घर नोकरीशी बांधलेले असल्याने काम सुटले, की छप्पर जाण्याची धास्ती कायम राहिली.

मुंबईत १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांतील खोल्याही ओळीनेच होत्या. पण खोल्यांपुढील सामाईक वाटेचा उपयोग रहिवाशांनी स्वतः ठरविला. गप्पा, मुलांचे खेळ, अडीअडचणीला धावून जाणे हे सारे त्या वाटेवर घडले. आखणी दुसऱ्याची असली, तरी मधल्या जागेत राहणाऱ्यांचे जीवन रुजू शकते, ते असे.

माणसांची ओळ

भारतीय समाजात ओळीला सर्वाधिक अर्थ प्राप्त झाला तो भोजनात. धर्मशास्त्रांत ‘पंक्तिपावन’ म्हणजे पंक्तीला पवित्र करणारा आणि ‘अपांक्तेय’ म्हणजे पंक्तीत बसण्यास अपात्र, अशा संज्ञा आहेत. कोणाशेजारी कोण बसतो, यावर त्याचा दर्जा ठरे. पंक्तीतून उठविणे ही समाजातून उठविण्याची शिक्षा होती.

नेमक्या याच कारणासाठी समतेचा आग्रह धरणाऱ्यांनीही पंक्तीचाच आश्रय घेतला. शीख परंपरेत गुरू नानकांपासून लंगराची प्रथा सांगितली जाते आणि सोळाव्या शतकात गुरू अमरदास यांनी ती दृढ केली. आधी पंगत, मग संगत, असा तेथील दंडक. राजा असो वा रंक, सर्वांनी जमिनीवर एकाच ओळीत बसावयाचे. १९१७ मध्ये केरळातील चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी ईळव आणि पुलय यांचे मिश्रभोजन घडवून आणले. त्याबद्दल त्यांच्याच समाजाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून त्यांना हिणविले. हे नाव त्यांनी भूषण म्हणून स्वीकारले.

स्वतंत्र भारतात नव्या ओळी आल्या. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जमीनदार आणि त्याचे कूळ यांच्या मतांचे मोल सारखेच झाले आणि मतदानाच्या रांगेत क्रम ठरला तो आधी येण्यावरून. १९८२ मध्ये तमिळनाडूने मुलांसाठी भोजनाची व्यापक योजना सुरू केली. १९९५ पासून शालेय पोषण आहाराचा कार्यक्रम देशभर आला आणि शाळेच्या ओसरीवर रोज पंगत बसू लागली. काही ठिकाणी त्या पंगतीतही दलित मुलांना वेगळे बसविल्याच्या, दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणजे ओळ सरळ आहे एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. तीत कोण कोठे बसला आहे आणि वाढपी सर्वांपर्यंत सारख्याच हाताने पोहोचतो की नाही, हे प्रत्येक पंगतीला पुन्हा पाहावे लागते.