आईला बोल लावण्याआधी

एका वाचक आईने विचारलंय: 'माझा चार वर्षांचा मुलगा सारखी आदळआपट करतो. मी तापट आहे, म्हणून तो असा झाला का?'

इन्स्टाग्रामवरचे पालकत्व-गुरू अर्ध्या मिनिटात 'हो' म्हणून मोकळे होतील. पण प्रकरण इतकं सरळ नाही. पालक चिडके किंवा चिंतातुर असले की मुलांच्या तक्रारी जरा जास्त दिसतात, हे खरं. मात्र हा संबंध फार दाट नाही. त्यातून याविषयीच्या अभ्यासांत आईचा स्वभाव आणि मुलाचं वागणं, या दोन्हींच्या प्रश्नावल्या बहुतेकदा आईच भरते. (बाबांना कुणी फारसं विचारत नाही.) दिवसभर पिचलेल्या बाईला साधी कुरकुरही आकांडतांडव वाटली, तर नवल काय?

१९६८ मध्ये रिचर्ड बेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशा अभ्यासांची बाजूच उलटवली. आई रागावते म्हणून मूल हट्टी होतं, की मूल हट्टी म्हणून आई रागावते? हाती असलेले आकडे दोन्ही बाजूंनी साक्ष देत होते.

उत्तर शोधायला १९८६ मध्ये कॅनडातल्या ह्यू लिटन आणि सहकाऱ्यांनी जे केलं, ते मला बेहद्द आवडतं. त्यांनी चक्क आयांची अदलाबदल केली! दांडगट मुलांच्या आया शांत मुलांसोबत बसवल्या, शांत मुलांच्या आया दांडगटांसोबत. दांडगट पोरं समोर आली की दोन्ही गटांतल्या आया अधिक हुकूम सोडू लागल्या, अधिक करवादू लागल्या.

म्हणजे आईबाप सुटले? नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन घरोघरी निरीक्षणं करत, आणि त्यांना दिसलेलं चक्र आपल्याकडेही ओळखीचं वाटेल. आई मोबाइल काढून घेते, पोरगं भोकाड पसरतं, आई ओरडते, ते आणखी किंचाळतं. अखेर 'घे बाबा एकदाचा!' घरात शांतता. मूल शिकलं, किंचाळल्यावर मिळतं. आई शिकली, दिल्यावर सुटका होते. पुढच्या वेळी दोघंही आणखी वरच्या पट्टीत सुरुवात करतात. पॅटरसन यांच्या गटाने पालकांना हे चक्र तोडायला शिकवलं, तेव्हा मुलांचं वागणं सुधारलं. त्यासाठी कुणाचा स्वभाव बदलावा लागला नाही.

तेव्हा ताई, तापटपणाचा धसका सोडा. 'नाही' मोजक्याच वेळा म्हणा, पण म्हटलंत की भोकाडापुढे माघार घेऊ नका. आणि पुढची प्रश्नावली बाबांना भरायला द्या.