चिखलाचं कुलूप

विरारहून सुटलेली लोकल नायगाव मागे टाकते आणि चाकांचा आवाज एकदम बदलतो. खाडीपूल आला. दारात उभ्या असलेल्यांच्या अंगावर खारा वारा येतो. ओहोटी असेल तर पुलाखाली काळाभोर, चकचकीत चिखल उघडा पडलेला दिसतो आणि त्यातून नासक्या अंड्यासारखा वास येतो. कुणी नाकाला रुमाल लावतं, कुणी निर्माल्याची पिशवी खाली सोडतं. मग भाईंदर येतं आणि खाडी विसरली जाते.

आज ती विसरायची नाही. त्या चिखलातला एक मूठभर चिखल आपण मनातल्या मनात हातात घेऊ. तो काळा का? त्याला असा वास का? आणि त्याच्यातून इतकी हिरवीगार तिवरं वर कशी येतात? या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे. या चिखलात प्राणवायू नाही!

आधी हा चिखल आला कुठून ते पाहू. वसई-विरार म्हणजे दोन खाड्यांमधली जमीन. दक्षिणेला उल्हास नदीची वसई खाडी, उत्तरेला वैतरणा. दोन्ही नद्या सह्याद्रीतून निघतात आणि पावसाळ्यात डोंगराची माती घेऊन खाली येतात. म्हणजे आपल्या मुठीत आहे तो झिजलेला सह्याद्री. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन जो काळा कातळ तयार झाला, त्याचंच हे पीठ. याच गाळानं शूर्पारकाचं, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचं, प्राचीन बंदर हळूहळू बुजवलं. या बंदराचं महत्त्व असं, की सम्राट अशोकानं इथे शिलालेख कोरवले. त्यातल्या आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात मिळाला, तर नवव्या लेखाचा 1956 मध्ये भुईगावला सापडला. जहाजं जिथे नांगर टाकत, तिथे आज घरं आहेत, वाड्या आहेत.

आता मुठीतल्या चिखलाकडे वळू. या चिखलाचे कण पिठाहूनही बारीक असतात. ते एकमेकांना इतके चिकटतात की हवेला आत शिरायला फटच उरत नाही. वरच्या काही मिलिमीटरच्या थरात जो काही प्राणवायू असतो, तो तिथले जिवाणू लगेच संपवतात. त्याखाली सगळा बिनहवेचा मुलूख.

मग तिथे सगळं मेलेलं असेल? उलट, तिथे दाटीवाटीनं जिवाणू राहतात! आपण अन्नातून ऊर्जा काढण्यासाठी प्राणवायू घेतो, तर हे जिवाणू त्या कामासाठी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट घेतात. आपला उच्छ्वास कार्बन डायऑक्साइडचा असतो, यांचा हायड्रोजन सल्फाइडचा. लोकलच्या दारात नाकाला लागतो तो वास म्हणजे या जिवांचा उच्छ्वास. असा जिवाणू पहिल्यांदा ओळखला तो डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी, 1895 मध्ये. पण त्याचं घराणं किती जुनं! पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठायला लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि हे जिवाणू त्याच्याही आधीपासून इथे आहेत. हवा बदलली तेव्हा ते चिखलात उतरले आणि आपला जुना काळ तिथेच जपत राहिले. खाडीपुलाखालचा चिखल म्हणजे आदिम पृथ्वीचा शिल्लक राहिलेला एक तुकडाच.

आणि काळा रंग? या जिवाणूंनी सोडलेला गंधक चिखलातल्या लोखंडाला जाऊन मिळतो आणि लोहाचं सल्फाइड तयार होतं. त्याचा रंग काळा. लोखंड आलं सह्याद्रीच्या कातळातून, गंधक आला समुद्रातून. डोंगर आणि समुद्र यांची गाठ जिथे पडली, तिथला हा रंग!

अशा जागी झाड कसं जगावं? झाडाच्या मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. कुंडीत पाणी साचलं तर तुळस दगावते ती याचमुळे. तिवरानं मात्र भन्नाट तोड काढली. त्याची मुळं उलटी, वर वाढतात. चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी बोटंच बोटं वर आलेली दिसतात ना, ती तिवराची नाकं. दोन-तीन मीटर उंचीच्या एका झाडाला अशी दहा हजारांहून जास्त नाकं असू शकतात. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात. भरतीत ती पाण्याखाली जातात, आतला प्राणवायू मुळं वापरून टाकतात आणि आतला दाब कमी होतो. ओहोटी लागून छिद्रं उघडी पडली की बाहेरची हवा आपोआप आत खेचली जाते. भरती-ओहोटीच्या तालावर अख्खं जंगल श्वास घेतं. 1955 मध्ये शोलँडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारफुटीच्या मुळांवरच्या अशा छिद्रांना ग्रीस फासून पाहिलं. काही काळातच आतला प्राणवायू झपाट्यानं उतरला. नाक दाबल्यावर जीव गुदमरतो, तसंच.

श्वासाचा प्रश्न सुटला, पण मीठ? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. भाताच्या खाचरात हे पाणी शिरलं तर पीक जळतं, हे खाडीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तिवर तेच पाणी पितं. बरंचसं मीठ ते मुळांच्या दारातच अडवतं आणि आत शिरलेल्यापैकी सुमारे 40 टक्के पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. दुपारच्या उन्हात तिवराचं पान निरखून पाहा, त्यावर मिठाचे कण चमकताना दिसतील. खाडीच्या या टोकाला माणसानं मिठागरं बांधली, पण पानापानावर मिठागर चालवणारं हे झाड इथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

ही कला ते शिकलं कुठे? उत्तर त्याच्या पेशीत, डीएनएच्या लिपीत लिहिलेलं आहे. 2021 मध्ये भुवनेश्वरची इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेस आणि तमिळनाडूतलं एसआरएम विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी तिवराचा, शास्त्रीय भाषेत ॲव्हिसेनिया मरीनाचा, जनुकसंच वाचून काढला. 31 गुणसूत्रांवर मिळून 45 कोटींहून जास्त अक्षरं! या झाडाला समुद्राच्या अडीचपट खारट पाणीही सोसतं, आणि त्यामागची जनुकं कोणती याचा माग आता घेता येतो.

या कामामागे अजय परिडा हे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या चेन्नईतल्या आधीच्या गटानं 2008 मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला होता. मिठाच्या ताणाखाली वनस्पतीच्या पेशीत प्राणवायूचे चिडके, विध्वंसक अवतार तयार होतात. त्यांना शांत करणारं एक जनुक त्यांनी तिवरातून काढलं आणि पुसा बासमती-1 या भातात घातलं. त्या भाताला मिठाचा ताण जास्त सोसू लागला. चिखलातल्या ज्या झाडाला आपण सरपणाच्या मोलाचं समजतो, त्याच्याकडून बासमती शिकवणी घेते आहे! समुद्राची पातळी वाढत असताना खाजणाच्या शेतीला उद्या लागणारी विद्या आज याच चिखलात उभी आहे.

तिवरांच्या खाली जरा टक लावून पाहा. चिखल टुणकन उडी मारतो! ती निवटी. मासा असूनही ओहोटीत ती पाण्याबाहेर फिरते, ओल्या कातडीतून आणि तोंडात धरून ठेवलेल्या पाण्यातून श्वास घेते. पण तिची अंडी असतात बिनहवेच्या चिखलातल्या बिळात. ती गुदमरत नाहीत? जपानमधल्या निवटीच्या एका भावंडाचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बाप ओहोटीला तोंडात हवा भरतो, बिळात खाली जातो, हवा सोडतो आणि पुन्हा वर येतो. घोटाघोटानं हवा वाहून अंड्यांच्या खोलीत तो हवेचा कप्पा तयार करतो. पिल्लं बाहेर यायच्या दिवशी तीच हवा परत तोंडानं बाहेर काढतो, म्हणजे भरतीचं पाणी आत येतं आणि पिल्लं पोहत निघतात. 2014 मध्ये चार जातींच्या निवट्यांचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा जमिनीवर येण्याची किंमतही दिसली आणि कमाईही. अमोनिया बाहेर टाकणारी व्यवस्था सुधारलेली, रोगांशी लढणारी काही जनुकं वाढलेली, तर दृष्टीची आणि गंधाची काही जनुकं गळालेली. पाण्यातला जीव जमिनीवर कसा चढतो, हे पाहायला संग्रहालयात जायला नको. नायगावच्या खाडीकाठी ओहोटीला उभं राहिलं तरी पुरे.

अशा आणखी किती जाती या खाडीत असतील? जाळं टाकून मोजणं आता एकमेव मार्ग राहिलेला नाही. कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये सुचवलं, की साधारण साडेसहाशे अक्षरांच्या एका जनुकखंडावरून प्राण्याची जात ओळखता येईल, दुकानातल्या बारकोडसारखी. 2008 मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी तळ्यातलं नुसतं पाणी तपासून त्यात बुलफ्रॉग राहतो हे सांगितलं. बेडूक त्यांनी पकडलाच नव्हता! प्रत्येक जीव पाण्यात कातडी, खवले, विष्ठा यांतून आपली सही सोडत असतो. बिनहवेच्या गाळात तर ही सही आणखी जास्त टिकते.

आणि इथेच कथा गंभीर होते, कारण हा चिखल आपलीही सही जपून ठेवतो. उल्हास वसईला पोचेपर्यंत कितीतरी शहरांचं आणि कारखान्यांचं पाणी तिच्यात मिसळलेलं असतं. त्यातलं शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त जातं कुठे? बरंचसं या चिखलात. जिवाणूंनी सोडलेला गंधक लोखंडाला पकडतो तसाच या धातूंनाही पकडतो. त्यांची पाण्यात न विरघळणारी संयुगं बनतात आणि ती गाळात अडकून पडतात. तिवराच्या मुळांतून झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे मुळांभोवती गंजाचा तांबूस थर चढतो, तोही विषारी धातू धरून ठेवतो. कुणी न सांगता, कुणी पैसे न मोजता चालणारी ही विषाची तिजोरी आहे!

तिजोरीत काय साठलंय ते वाचताही येतं. गाळात नळी खुपसून उभा नमुना काढतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. शिशाचं एक किरणोत्सारी रूप साधारण 22 वर्षांत निम्मं होतं, त्यावरून थरांचं वय कळतं. 1963 च्या आसपास अणुचाचण्यांची धूळ जगभर सर्वाधिक पडली, ती खूणही गाळात सापडते. उल्हासच्या खाडीची अशी पानं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उलटली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या गाळात कारखान्यांतून आलेला पारा आढळला.

पाऱ्याच्या बाबतीत मात्र या तिजोरीचं कुलूप पुरतं लागत नाही. त्याच जिवाणूंपैकी काही जण थोड्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो लहान माशातून मोठ्या माशात आणि माशातून माणसात चढतो. जपानमधल्या मिनामाता शहरातल्या लोकांना जडलेला आजार 1956 मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, तो याच रूपातल्या पाऱ्यामुळे. म्हणून चिखल आहे ना, तो सांभाळेल, असं म्हणून विष सोडत राहण्याची सोय नाही.

आता शेवटचं आश्चर्य, आणि ते भीतीचं आहे. हे कुलूप लागलेलं आहे ते प्राणवायू नसल्यामुळे. मग चिखल उकरून उघड्यावर टाकला, तिवरं तोडून, बांध घालून तो वाळवला, तर काय होईल? हवा आत शिरेल आणि कुलूप उघडेल. गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होईल, धातू सुटे होऊन पाण्यात उतरतील. केरळमधल्या कुट्टनाडच्या काही जमिनी अशा गंधकामुळेच आम्लधर्मी झाल्या आहेत. मुळांखाली न कुजता साठून राहिलेला कार्बनही हवेत जाऊ लागेल. जे दाबून ठेवायला झाडांना आणि जिवाणूंना पिढ्या लागल्या, ते एका पोकलेनला काही दिवसांत मोकळं करता येतं.

म्हणून तिवरांवर पडणारा डंपरभर राडारोडा म्हणजे नुसता कचरा नव्हे. तो मुळांची नाकं बुजवतो, झाड गुदमरतं आणि तिजोरीचा राखणदारच जातो.

कायदा आपल्या बाजूनं आहे. राज्याच्या वनविभागात 2012 पासून खारफुटीसाठी खास कांदळवन कक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात तिवरं तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला मानला, आणि तिवरांभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. खाडीकाठी भराव पडताना दिसला तर फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, तहसील कार्यालयात किंवा वनविभागात तक्रार करा. निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली सोडू नका, घरच्या कुंडीत त्याचं खत करा. आणि एखाद्या रविवारी ओहोटीची वेळ पाहून मुलांना खाडीवर न्या. त्यांना तिवराची नाकं दाखवा, पानावरचं मीठ दाखवा, उड्या मारणारी निवटी दाखवा. त्या वासानं मुलांनी नाक मुरडलं, तर हा कुणाचा श्वास आहे तेही त्यांना सांगा.