संरचित प्रकाशाद्वारे उच्च हार्मोनिक निर्मिती

संरचित प्रकाशाद्वारे उच्च हार्मोनिक निर्मिती ही हेतुतः आकार दिलेल्या लेसर झोतापासून चरम अतिनील किरणांचे तसेच आकारबद्ध झोत मिळवण्याची पद्धत आहे. चरम अतिनील प्रारणाची तरंगलांबी साधारणपणे १० ते १२१ नॅनोमीटर असते. हवा, काच आणि इतर बहुतेक पदार्थ ते शोषून घेत असल्यामुळे नेहमीची भिंगे येथे निरुपयोगी ठरतात. म्हणून या पद्धतीत आधी अवरक्त लेसर झोताला आकार दिला जातो व तो निर्मितीच्या वेळीच हार्मोनिकांमध्ये उतरवला जातो.

== हार्मोनिकांची निर्मिती ==
अतितीव्र लेसर स्पंद निर्वात कक्षातील अरगॉन किंवा निऑनसारख्या निष्क्रिय वायूच्या फवाऱ्यावर केंद्रित करतात. लेसरचे विद्युतक्षेत्र अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर खेचते, त्याला गती देते आणि दिशा बदलताच पुन्हा अणूकडे लोटते. इलेक्ट्रॉन अणूत परतल्यावर त्याची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. या प्रकाशाची वारंवारता मूळ लेसरच्या विषम पटीत असते. उदाहरणार्थ, ८०० नॅनोमीटर लेसरच्या २५व्या हार्मोनिकची तरंगलांबी ३२ नॅनोमीटर असते. या क्षेत्रातील कार्यासाठी ॲन लुइलिए, पिएर ॲगोस्तिनी आणि फेरेन्क क्राउस यांना २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

== भोवरा-झोत ==
भोवरा-झोतात तरंगाची कला अक्षाभोवती मळसूत्राप्रमाणे फिरते. त्यामुळे मध्यभागी अंधार व भोवती प्रकाशाचे कडे दिसते. अशा झोतातील प्रत्येक फोटॉन कक्षीय कोनीय संवेग वाहून नेतो, हे लेस ॲलन व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले.

हार्मोनिकमध्ये हा पीळ किती असतो, याबाबत सुरुवातीला मतभेद होते. २०१२ मधील एका प्रयोगात हार्मोनिकांचा पीळ मूळ झोताइतकाच आढळला. २०१३ मधील सैद्धांतिक गणनेनुसार मात्र तो हार्मोनिकच्या क्रमांकाच्या पटीत वाढायला हवा होता. २०१४ च्या प्रयोगाने या गणनेला पुष्टी दिली. मूळ झोताचा पीळ १ असल्यास २५व्या हार्मोनिकचा पीळ २५ होतो. तरंगलांबी ज्या पटीत घटते त्याच पटीत पीळ वाढत असल्याने, सर्व हार्मोनिकांची कडी जवळजवळ सारख्याच आकाराची दिसतात.

२०१९ मध्ये भिन्न पिळाचे दोन स्पंद किंचित कालांतराने एकत्र आणून, ज्याचा पीळ एका स्पंदातच बदलत जातो असा चरम अतिनील झोत तयार करण्यात आला.

== मुंबईतील संशोधन ==
प्रकाशाला ध्रुवणाच्या साहाय्यानेही आकार देता येतो. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आयआयटी मुंबई) मधील गोपाल दीक्षित व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ग्राफीनसंबंधी सैद्धांतिक अभ्यास प्रसिद्ध केला. एका वारंवारतेचा व तिच्या दुप्पट वारंवारतेचा असे परस्परविरुद्ध फिरणारे दोन वर्तुळाकार ध्रुवित झोत एकत्र केल्यास विद्युतक्षेत्राला तीन पाकळ्यांचा आकार येतो. दोन्ही झोतांतील कलांतर बदलून ग्राफीनच्या ऊर्जापट्ट्यांतील कोणत्या 'दरीतून' हार्मोनिक निघावेत हे ठरवता येते, असे त्यात दाखवले आहे.

== उपयोग व मर्यादा ==
चुंबकीय पदार्थांतील सूक्ष्म रचना, उजव्या-डाव्या घडणीचे रेणू आणि नॅनोरचना यांच्या अभ्यासासाठी हे झोत उपयुक्त मानले जातात. लेसरच्या ऊर्जेचा अत्यल्प अंशच हार्मोनिकांत रूपांतरित होतो, ही या पद्धतीची प्रमुख मर्यादा आहे.