सोयरिकीतली चौकशी आणि निम्हान्सच्या पेशी

सोयरीक जुळवताना ‘त्यांच्या घराण्यात वेडाचं काही नाही ना?’ अशी जी चौकशी आडून केली जाते, तिच्यामागचे निरीक्षण खोटे नाही, निष्कर्ष मात्र बहुधा चुकतो. द्विध्रुवी विकार, म्हणजे उन्माद आणि खोल नैराश्य यांचे झटके येणारा आजार, सुमारे १ टक्का लोकांना होतो. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला तो असल्यास ही शक्यता ५ ते १० टक्क्यांवर जाते. अशा घरांतली दहापैकी निदान नऊ भावंडे त्यातून सुटतात, ही बाजू चौकशी करणाऱ्यांच्या कानी क्वचितच पडते.

एकाच जनुकावर बोट ठेवण्याची घाई शास्त्रज्ञांनाही भोवली आहे. पेनसिल्व्हेनियातील आमिश समाज आपापसांतच लग्ने करतो, वंशावळी काटेकोर जपतो आणि मद्यापासून बहुतांशी दूर राहतो, म्हणून संशोधकांना तो आदर्श वाटला. जॅनिस एगलँड आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये विकाराचा दुवा अकराव्या गुणसूत्रावर सापडल्याचे ‘नेचर’मध्ये जाहीर केले, पुढे निरोगी म्हणून नोंदलेल्या दोन व्यक्तीच आजारी पडल्या, वंशावळीत नव्या शाखांची भर पडली, आणि १९८९ मध्ये त्याच नियतकालिकात तो दावा निकालात निघाला. आता असे शेकडो जनुकीय फरक कारणीभूत मानले जातात, ज्यांतल्या बहुतेकांचा वाटा नगण्य असतो. तरीही लाळेच्या थेंबावरून स्वभाव आणि भवितव्य सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात, हे नवलच.

बेंगळुरूमध्ये होसूर रस्त्यावरील निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्थांच्या साथीने २०१६ पासून चाललेले काम या पार्श्वभूमीवर अधिक शहाणपणाचे वाटते. एकाहून अधिक सदस्य आजारी असलेल्या कुटुंबांतील व्यक्तींच्या रक्तपेशींपासून मूळपेशी, म्हणजे कोणत्याही पेशीचे रूप घेऊ शकणाऱ्या पेशी, तयार केल्या जातात आणि त्यांच्यापासून चेतापेशी वाढवल्या जातात. एकाच घरातल्या आजारी आणि निरोगी नातलगांच्या चेतापेशी त्यामुळे प्रयोगशाळेत शेजारी ठेवून तपासता येतात. या कामातले एक प्रमुख मनोविकारतज्ज्ञ डॉ. संजीव जैन यांनी भारतातील मनोरुग्णालयांचा इतिहासही लिहिला आहे, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे. वंशावळ वाचायला इतिहासकाराचाच धीर लागतो.

वंशावळीचा व्यवहारी उपयोग मात्र आजही आहे. लिथियम या जुन्या औषधाचा उत्तम गुण येणे हेही काही कुटुंबांत वारशाने उतरते. तेव्हा आजी किंवा काका कोणत्या गोळीने बरे झाले होते, ही माहिती सोयरिकीत दडवली गेली असली, तरी डॉक्टरांपासून दडवू नये.