क्लार्कची सही

इंग्लंडमधल्या बहुतेक खेड्यांत रस्त्याकडेला सूचनाफलक असतो. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, येत्या सभेची विषयपत्रिका त्यावर लागते आणि सभेच्या बोलावण्याखाली सही असते क्लार्कची, अध्यक्षाची नव्हे. सभेआधी पूर्ण तीन दिवस पत्रिका लागली पाहिजे. लावल्याचा दिवस, सभेचा दिवस, रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या त्यात धरायच्या नाहीत. ज्या क्लार्कला सभेत मत नाही, त्याच्या सहीवर सभा उभी राहते.

ही कौन्सिलं १८९४च्या कायद्याने जन्माला आली. त्याआधी गावकारभार चर्चच्या ‘व्हेस्ट्री’ नावाच्या बैठकीतून चाले. नव्या कायद्याने चर्च आणि कारभार वेगळे केले. संसदेसाठी मत मिळायच्या कितीतरी आधी गावच्या कौन्सिलसाठी मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क बायकांना मिळाला, लग्न झालेल्यांनासुद्धा. आज गावांची आणि छोट्या शहरांची मिळून अशी सुमारे १०,००० कौन्सिलं आहेत. दफनभूमी, खेळाची मैदानं, बसथांबे, भाजी पिकवायला भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे, अशी त्यांची कामं. खर्चाचा आकडा कौन्सिल ठरवते. वरची कौन्सिल तो घरोघरच्या कौन्सिल टॅक्समधून वसूल करून देते.

सभेचे नियम १९७२च्या कायद्यात आहेत. गणपूर्तीला एक तृतीयांश सदस्य हवेत, पण तिनाहून कमी चालत नाहीत. सभेच्या वेळी जिथे दारू मिळते अशा जागी बसायचं नाही. दुसरी जागा फुकट किंवा वाजवी भाड्यात मिळतच नसेल तरच सूट. आपल्याकडे पत्रिकेच्या शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ असतात. इंग्लंडमध्ये पत्रिकेत न दिलेल्या विषयावर ठराव करता येत नाही, कारण घरी बसलेल्या गावकऱ्याला त्याची चाहूलच लागलेली नसते. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आणखी एक कलम. कौन्सिल आपले अधिकार समितीला देऊ शकते, अधिकाऱ्याला देऊ शकते, पण एकट्या सदस्याला नाही. त्यामुळे अध्यक्षाने कुंपणाचं काम कुणाला परस्पर देऊन टाकलं, तर त्या शब्दाला कायद्याचा आधार नसतो.

आणि हे अध्यक्षाला तोंडावर सांगायचं कुणी? क्लार्कने. आपला ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर. गावाशी बिनसलं तर बदली होते. इंग्लंडमधल्या क्लार्कला ती कौन्सिलच नेमते आणि तीच पगार देते. तो बांधील असतो एकत्र बसलेल्या कौन्सिलला, कुणा एका सदस्याला नाही. अनेक ठिकाणी नोकरी आठवड्यातल्या काही तासांचीच, दप्तर घरातल्या कपाटात. पत्रिका, इतिवृत्त, पत्रव्यवहार आणि बहुधा हिशेबही त्याच्याच माथी. एवढ्याशा पगारात ठामपणे ‘हे नियमात बसत नाही’ म्हणत राहायला धैर्य लागतं, आणि त्याची दखल फार थोडे घेतात.

हे नातं तुटलं की काय होतं, ते चेशरमधल्या हँडफोर्थने दाखवलं. डिसेंबर २०२०मधल्या तिथल्या ऑनलाइन सभेची चित्रफीत दोन महिन्यांनी जगभर पसरली. सभा चालवायला जिल्ह्याच्या संघटनेतून आलेल्या जॅकी वीव्हर यांना अधिकारच नाही, असं अध्यक्ष म्हणत राहिले आणि वीव्हर यांनी अध्यक्षांना पडद्यावरून बाहेर काढलं. लोक पोट धरून हसले. भांडण मात्र खरं होतं: सभा कायदेशीर आहे का, आणि क्लार्क कोण? अध्यक्षांनी स्वतःलाच क्लार्क जाहीर केल्याचं वीव्हर यांनी त्याच सभेत सांगितलं.

सदस्याने क्लार्कचं काम करायला कायद्याची ना नाही. कौन्सिल तसं नेमू शकते, पण त्याला एक पेनीही द्यायची नाही. सदस्यत्वाचा राजीनामा दिला तरी १२ महिने त्याला त्या कौन्सिलची पगारी नोकरी मिळत नाही. आपणच मत देऊन आपलीच नोकरी तयार करायची वाट तिथे बंद केली आहे.