धुळीचा आणि धुराचा माग

२२ जानेवारी २०२२ रोजी कराचीच्या बाजूने उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी मुंबईत व कोकण किनाऱ्यावर येऊन पोहोचली. सूर्य फिकट दिसू लागला, मोटारींवर पांढरट पूड साचली आणि भर दुपारी हवेत गारवा आला. हे धुके म्हणावे, की कोठे काही जळत आहे, असा संभ्रम पुष्कळांस पडला. उपग्रहाच्या चित्रांत मात्र ही धूळ समुद्रावर असतानाच दिसली होती.

समुद्राच्या काळसर पाण्यावर मातकट पट्टा सहज उठून दिसतो. खरी अडचण जमिनीवर येते. उघड्या माळाचा रंग व त्यावर तरंगणाऱ्या धुळीचा रंग जवळजवळ एकच असतो. रात्री तर साधे छायाचित्रही मिळत नाही. म्हणून उपग्रह भूमीकडून वर येणारी उष्णता मोजतो आणि तीही सुमारे ११ व १२ मायक्रॉन अशा दोन शेजारच्या तरंगलांबींवर. धुळीतील वाळूचे बारीक कण ११ मायक्रॉनची लहर अधिक अडवितात. पातळ ढगातील हिमकण १२ ची अधिक अडवितात. दोन्ही मापांची वजाबाकी केली की ढग असल्यास उत्तर अधिक येते, दाट धूळ असल्यास उणे. इतक्या साध्या हिशेबावर धूळ व ढग वेगळे ओळखता यावेत, याचे कौतुक वाटते. आपले इन्सॅट-३डीआर (२०१६) व इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून अशी मापे घेत असतात.

धुराला ही युक्ती लागू पडत नाही. त्याचे कण फार सूक्ष्म असल्याने उष्णतेच्या या लहरी त्यातून बहुतांशी आरपार जातात. धूर दिवसाच्या चित्रात ओळखावा लागतो: एका ठिकाणाहून निघालेला आणि वाऱ्याच्या दिशेने रुंदावत गेलेला करडा पिसारा. आग मात्र सुमारे ४ मायक्रॉनच्या लहरीत रात्रीही दिसते.

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याच्या दिवसांत लागणारे वणवे याच रीतीने टिपले जातात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था नाव नोंदविणाऱ्यांना त्यांची सूचना भ्रमणध्वनीवर पाठविते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही नोंदणी अवश्य करावी. परंतु सूचना आली नाही म्हणजे आग नाही, असे समजू नये. ज्या उपग्रहांवरून ही ठिकाणे मिळतात, ते आपल्यावरून दुपारी व मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात. सायंकाळी पेटून दोन तासांत विझलेला बांध त्यांस दिसत नाही. दाट ढगाखालची आगही दिसत नाही.

सूचनेत आलेले ठिकाण हा एका चौकोनाचा मध्य असतो. त्या चौकोनाची बाजू सुमारे ३७५ मीटर, म्हणजे क्षेत्र सुमारे ३५ एकर. तेव्हा नेमक्या बिंदूवर काही आढळले नाही म्हणून परत फिरू नये. वाऱ्याच्या वरच्या अंगाने सभोवार पाहून यावे. तेथे वणव्याऐवजी वीटभट्टी किंवा राबाची भाजणी आढळल्यास तसे वनरक्षकास कळवावे, म्हणजे दुसऱ्या खऱ्या आगीकडे जाणारी माणसे तेथे अडकून पडणार नाहीत.